गणती कोणी करायची?

लोहारा म्हटले की बहुतेकांना १९९३ चा भूकंप आठवतो. सास्तूर याच तालुक्यातले. स्वातंत्र्यलढ्याचा अभ्यास असणाऱ्यांना हिप्परगा आठवते. १९२१ साली तिथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. मला मात्र लोहाऱ्याच्या नावामागे निजामी कागदपत्रांत लागणारे एक विशेषण गेली काही वर्षे छळते आहे. ते म्हणजे 'पायगा'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उस्मानाबाद जिल्ह्यातले लोहारा आणि गुंजोटी हे पायगा तालुके होते. तिथला वसूल निजामाच्या दिवाणी खजिन्यात न जाता पायगेच्या अमीर घराण्याकडे जात असे. आमच्या भागातली म्हातारी माणसे 'पायगा' हा शब्द सहज उच्चारत. मात्र त्याचा अर्थ विचारला, तर 'जहागीर' एवढेच उत्तर मिळे.

मूळ फारसी शब्द पायगाह. त्याच्या अर्थछटा अनेक आहेत, पण आपल्याकडे रुजली ती घोड्यांच्या तबेल्याची. मराठीतली 'पागा' ती हीच. पागा, पागेदार, पागनीस ही सगळी मंडळी एकाच कुळातली. निजाम अलीखानाच्या काळात अबुल फतेहखान तेगजंग याच्या हाताखाली निजामाची खास घोडदळाची पागा होती. तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख म्हणजे पायगा. हे घराणे शम्स-उल-उमरा या किताबाने ओळखले गेले आणि पुढे आसमानजाह, खुर्शीदजाह व विकार-उल-उमरा अशा तीन शाखांत विभागले. म्हणजे मूळ करार साधा होता. तुम्हाला जमीन दिली आहे, तिच्यावर घोडी पोसा आणि हाक येईल तेव्हा स्वारांसह हजर व्हा. जमीन हा मोबदला आणि सज्जता ही अट.

अट घातली म्हणजे ती पाळली जाते की नाही हे पाहणे आलेच. इथून माझा प्रश्न सुरू होतो. फौज तयार आहे हे कोणी सांगायचे, कोणाला सांगायचे, आणि खोटे सांगितले तर काय? आज 'युद्धसज्जतेचा अहवाल' असे भारदस्त नाव असलेली ही गोष्ट दख्खनला नवी नाही. तिचा कायदा आमच्या मातीत पाचशे वर्षांहून अधिक काळ घडतो आणि मोडतो आहे. शिवाय त्या फौजेचा खर्च ज्याने भरला, तो शेतसारा देणारा माणूस या सगळ्या चर्चेत जवळजवळ कधीच दिसत नाही.

सर्वांत जुना स्पष्ट नियम सापडतो तो बहमनी वजीर महमूद गावानचा. फिरिश्ता त्याच्या सुधारणांची हकिकत देतो. पाचशे स्वारांच्या सरदाराला अमुक लाख होन, हजारांच्या सरदाराला त्याच्या दुप्पट, असे दर ठरवले गेले. जहागिरीचे उत्पन्न त्याहून कमी भरले तर उणे रक्कम खजिन्यातून भरून द्यायची. पण गणतीत एक जरी शिपाई कमी भरला, तर त्याच्या वाट्याची रक्कम कापून घ्यायची. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना बंधन आहे. राज्याने पुरे पैसे द्यायचे आणि सरदाराने पुरी माणसे ठेवायची. कापाकापी माणशी असल्यामुळे मोजणी माणशी करावीच लागणार. अमीरांना हे रुचले नसेल यात नवल नाही. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गावानचा शिरच्छेद झाला. ज्या सरदारांची पंखछाटणी त्याने चालवली होती, त्यांचा त्या कटात हात होता.

मोगलांनी याच गोष्टीचे शास्त्र केले. घोड्याला डाग द्यायचा, म्हणजे त्याच्या अंगावर सरकारी खूण उमटवायची, ही पद्धत अल्लाउद्दीन खलजीच्या काळीही होती. अकबराने ती नव्याने कडक केली. डाग घोड्यासाठी आणि 'चेहरा' स्वारासाठी. स्वाराचे नाव, बापाचे नाव, रंग, अंगावरचे व्रण असे सगळे वर्णन लिहून ठेवायचे. चेहरेपट्टी हा आपला शब्द त्याच कुळातला. त्यामागचे कारण उघड होते. हजिरीच्या दिवशी शेजारच्या सरदाराची घोडी उसनी आणायची, बाजारातली चार माणसे तट्टांवर बसवायची, गणती झाली की ज्याचे त्याला परत. डाग दिला की तेच घोडे दुसऱ्याच्या नावावर दाखवता येत नाही आणि चेहरा लिहिला की भाड्याचा माणूस उघडा पडतो.

तरीही शाहजहानच्या काळापर्यंत परिस्थिती अशी झाली की नियमच वाकवावा लागला. मनसबदाराची जहागीर जिथे असेल त्याच सुभ्यात तो नोकरीवर असेल, तर त्याने कागदावरच्या स्वारांपैकी एक तृतीयांश हजर करावेत. दुसऱ्या सुभ्यात असेल तर एक चतुर्थांश. बल्खच्या मोहिमेत तर एक पंचमांश पुरे धरले गेले. पाच हजार स्वारांचा म्हणवणारा उमराव हजार स्वार घेऊन उभा राहिला तरी त्याचा अहवाल खरा! यामागे जहागिरींचे उत्पन्न कागदावर फुगलेले असे आणि प्रत्यक्षात बारा महिन्यांचे येत नसे, हे कारण होते. सवलत देणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण कायद्याने खोट्या आकड्याला खरे म्हणायला सुरुवात केली की पुढे खऱ्या आकड्याची गरजच कोणाला उरत नाही. दक्षिणेत येऊन पडलेल्या मोगल फौजांना ते पुरेपूर भोवले.

मराठ्यांकडे वळताना थोडे थांबावेसे वाटते, कारण शिवकालीन व्यवस्थेत या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर दडलेले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणणारा. शिलेदाराची प्रतिष्ठा मोठी असली तरी राज्याचा भर पागेवर होता, कारण पागेतले घोडे मोजता येत होते. आता खरी गोम पाहा. हजारीबरोबर त्याच्या हुकमाखालचा नसलेला लेखणीवाला नेमलेला असे, मुजुमदार, कारभारी, जमेनीस असा. किल्ल्यावरही तेच. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे, आणि तिघांचे अधिकार एकमेकांना अडवणारे. सबनिसाने हजिरी आणि लेखन सांभाळायचे, कारखानिसाने कोठारातले धान्य, दारूगोळा आणि सामान. हवालदाराला 'कोठार भरले आहे' असे एकट्याने कळवण्याची सोय नव्हती. दसऱ्याला फौज मुलूखगिरीवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई. लढणारा आणि मोजणारा वेगळा ठेवायचा, हे तत्त्व यात आहे. ते कुठल्याही ग्रंथात सूत्ररूपाने लिहिलेले नाही, पण पदांच्या रचनेतून स्वच्छ दिसते.

पेशवाईत सरंजामी पद्धत पसरली तशी ही बैठक सैल झाली. सरंजाम म्हणजे फौज ठेवण्यासाठी दिलेला मुलूख, पायग्यासारखाच. सरदाराचा मुलूख वंशपरंपरागत होत गेला, मोजायला पाठवलेले कारकून त्याच्याच छावणीत जेवू लागले. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवले तेव्हा दोन्ही बाजूंना अशाच जमिनींवर पोसलेल्या फौजा होत्या. खर्डा आमच्या परंड्यापासून लांब नाही. त्या पराभवाचा परिणाम मात्र लांबपर्यंत गेला. निजाम अलीखान इंग्रजांकडे वळला, १७९८ मध्ये तैनाती फौज स्वीकारली आणि १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने ती कायमची झाली. तैनाती फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख निजामाने कंपनीला देऊन टाकला.

या तहाचे बारावे कलम पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. युद्ध झाले तर निजामाने तैनाती फौजेच्या जोडीला आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ द्यावे असे त्यात ठरले. 'युद्ध झाले तर' हे शब्द ध्यानात ठेवावेत. ही माणसे शांततेच्या काळात कशी असावीत, त्यांना कवायत कोणी शिकवावी, त्यांची हजिरी कोणी घ्यावी याचा त्या कलमात पत्ता नाही. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात निजामाच्या घोडदळावर इंग्रज सेनापती नाखूश होते. मग रेसिडेंट हेन्री रसेल याने या फौजेचा एक भाग इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नव्याने उभा केला. ती रसेल ब्रिगेड आणि तिच्यातूनच वाढलेली हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. दरबारात कारभार चंदुलालाकडे होता. पगार वेळेवर निघावेत म्हणून त्याने पामर आणि कंपनी या पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढले. ती पेढी बुडाली, मेटकाफने तिची लक्तरे काढली, पण कर्जाची सवय सुटली नाही. पुढे कंटिंजंटच्या पगारासाठी कंपनी सरकारच आगाऊ पैसे देऊ लागले आणि निजामाच्या नावावर लिहू लागले.

या कर्जाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन बाराव्या कलमाने निजामावर येत नाही, असे लॉर्ड डलहौसीने स्वतःच्या टिपणात प्रामाणिकपणे नोंदवले होते. म्हणजे ज्या फौजेसाठी निजाम कर्जबाजारी झाला ती ठेवायला तो कायद्याने बांधील नव्हता, आणि हे कर्ज मागणाऱ्यालाही ठाऊक होते. तरी कर्ज मागितले गेलेच. त्या काळचे कंपनीचे कायदेपंडित बारीक अक्षर वाचण्यात तरबेज होते, आणि वाचून बाजूला ठेवण्यातही.

२१ मे १८५३ चा तह रेसिडेंट कर्नल लो याने निजाम नासिरुद्दौला याच्याकडून करून घेतला. आता कंटिंजंटला तहाचा आधार मिळाला. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडदळ आणि मैदानी तोफखान्याच्या चार तुकड्या. तिच्या खर्चासाठी आणि थकलेल्या कर्जासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव म्हणजे नळदुर्गचा जिल्हा, असा सुमारे पन्नास लाखांच्या ढोबळ वसुलाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला गेला. आमचा भाग इतिहासात असा एकदम आंतरराष्ट्रीय तहात येऊन बसला. नळदुर्गच्या परिसरातल्या शेतकऱ्याने भरलेला सारा कोणत्या पलटणीच्या पगारात जाणार हे कलकत्त्याला ठरले.

या तहाचे आठवे कलम इथे मुद्द्याचे आहे. हवाली केलेल्या मुलखाच्या जमाखर्चाचा खरा आणि चोख हिशेब रेसिडेंटने दरवर्षी निजामाला द्यावा आणि फौजेचा व ठरलेला इतर खर्च भागून उरलेली रक्कम त्याच्या हवाली करावी, असे बंधन त्यात आहे. माझ्या मते १८५३ च्या तहातले हे एकमेव वाक्य निजामाच्या बाजूचे होते. फौजेवर त्याचा हुकूम नव्हता, अधिकारी त्याचे नव्हते, मुलूखही हातातून गेला होता. पण हिशेब मागण्याचा हक्क होता. पगारपत्रक पाहिले की किती माणसे आहेत ते कळते, खरेदीचे आकडे पाहिले की किती घोडी, किती तोफा ते कळते. आपल्या पैशावर उभी असलेली फौज आहे कुठे आणि कशी, हे पैसे देणाऱ्याला कळण्याची ती एकच खिडकी होती. मात्र गावानच्या नियमात असलेली कात्री इथे नव्हती. माणूस कमी भरला तर पैसे कापण्याची सोय निजामाला नव्हती, कारण पैसे आधीच दुसऱ्याच्या हातात होते. आणि मोजणारा, हुकूम देणारा व वसूल करणारा हे तिघेही एकच. शिवाजीच्या किल्ल्यावर तीन माणसांना वाटून दिलेले काम इथे रेसिडेन्सीच्या एका छपराखाली आले.

या व्यवस्थेचा आमच्याकडचा चेहरा म्हणजे मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने तो आधीच प्रसिद्ध झाला होता. १८५३ मध्ये तो नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला आणि बोरी नदीकाठच्या त्या किल्ल्यात राहिला. इब्राहिम आदिलशहाच्या काळी बांधलेला पाणीमहाल आजही पावसाळ्यात लोक पाहायला जातात, तोच हा किल्ला. टेलरने जमिनीची पाहणी सुरू केली, रस्त्यांची कामे काढली, पाण्याच्या साठ्यांचा विचार केला. त्याच्या कारभाराबद्दल जिल्ह्यात बरे बोलले जाते आणि त्याचे आत्मचरित्र वाचताना तो या मुलखावर प्रेम करत होता हे जाणवते. तरीही त्याची नेमणूक कशासाठी होती हे विसरता येत नाही. तो एका फौजेचा वसुली अधिकारी होता. १८५७ च्या उन्हाळ्यात त्याला वऱ्हाडात बुलढाण्याकडे धाडले गेले, तेही मदतीला फौज मिळणार नाही हे स्पष्ट बजावून. ज्या फौजेसाठी चार वर्षे सारा गोळा केला, ती गरजेच्या वेळी त्याला उपलब्ध नव्हती. यातला विनोद टेलरला कळला असावा.

ती फौज कुठे होती? औरंगाबादला कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाच्या काही स्वारांनी जून १८५७ मध्ये बंड केले आणि ते मोडले गेले. बाकीचे मोठे दल पुढच्या वर्षी सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य हिंदुस्थानात उतरले, झाशीला आणि काल्पीलाही होते. म्हणजे धाराशिव आणि वऱ्हाडच्या वसुलाचा काही वाटा राणी लक्ष्मीबाईविरुद्ध लढणाऱ्या स्वारांच्या पगारात गेला. आठव्या कलमाप्रमाणे त्याचा हिशेब निजामाला मिळायला हवा होता. ज्याने ज्वारी विकून सारा भरला त्याला तो मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

२६ डिसेंबर १८६० चा तह आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात सहसा आनंदाने सांगितला जातो, कारण त्याने धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. १८५७ च्या निष्ठेचे बक्षीस म्हणून पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, सुरपूरचा मुलूखही मिळाला. सुरपूरच्या राजाचा पालक एकेकाळी हाच टेलर होता, हा योगायोगही बोलण्यासारखा. पण या देण्याच्या बदल्यात घेतले काय? वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले आणि त्याच्या जमाखर्चाचा, झालेल्या, चालू आणि पुढे होणाऱ्या, कसलाही हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. शिल्लक उरली तर ती द्यायची, पण ती किती हे ठरवणार देणारा. आमच्याकडचे बरेच लेखक वऱ्हाड गेले याचे दुःख करतात. मला हिशेबाचे कलम गेले याचे जास्त वाटते. मुलूख परत मिळवता येतो, १८६० मध्ये धाराशिव परत मिळालाच. हिशेब मागण्याचा हक्क एकदा लेखी सोडला की पुढच्या पिढीला तो मागताना काय सोडले आहे हे आधी समजावून सांगावे लागते. सालारजंगाने पुढे वऱ्हाडासाठी लंडनपर्यंत खटपट केली, तेव्हा तो याच भिंतीवर आदळत राहिला. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाखांवर कायमच्या खंडाने घेतले आणि कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन केली.

ती फौज मात्र नाहीशी झाली नाही. आज भारतीय सैन्यात असलेली डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट निजामाच्या त्या जुन्या घोडदळाच्या वंशातली आहे. कंटिंजंटच्या पायदळातून हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट असे बदलले. आमच्या तालुक्यातला एखादा जवान या रेजिमेंटबरोबर कुठल्या सीमेवर उभा असेल, तर त्याच्या पणजोबाच्या पणजोबाने तिच्या पगाराला सारा भरला असण्याचा संभव आहे.

आणि पायगा? एकीकडे दिवाणी गावांचा वसूल सात वर्षे कंटिंजंटकडे गेला, दुसरीकडे लोहारा-गुंजोटीसारखे मुलूख पायगेकडे होते. जुन्या अटीप्रमाणे त्यावर स्वार पोसायचे होते. पण इंग्रजांचे छत्र डोक्यावर आल्यावर निजामाला पायगेच्या स्वारांची लढाईसाठी गरज उरली नाही. ते मिरवणुकीच्या शोभेचे झाले. अटीतला 'सज्जता' हा शब्द गळाला आणि जमीन तेवढी उरली. पायगेचे अमीर हैदराबादचे मोठे आश्रयदाते झाले, त्यांनी बांधलेले महाल आणि मकबरे पाहण्यासारखे आहेत. फलकनुमा महाल विकार-उल-उमराने बांधला. पण लोहाऱ्याच्या कुळाच्या बाजूने पाहिले तर त्याने दीडशे वर्षे अशा पागेसाठी सारा भरला, जिची हजिरी घ्यायला कोणी येत नव्हते. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी संपुष्टात आणणारा नियम लागू झाला, त्यात पायगाही गेल्या.

त्याच्या आधीचे वर्ष या लेखातून वगळता येणार नाही. १९३९ च्या संस्थानी फौजांच्या योजनेने संस्थानांच्या सैन्याचे आकारमान आणि शस्त्रे यांवर मध्यवर्ती सरकारची देखरेख ठेवली होती. २९ नोव्हेंबर १९४७ ला हैदराबादने भारताशी जैसे थे करार केला. त्यानंतर हैदराबादची फौज या चौकटीबाहेर वाढते आहे, बाहेरून शस्त्रे येत आहेत, ही भारत सरकारची तक्रार होती. सिडने कॉटन हा वैमानिक कराचीहून रात्रीची विमाने आणत होता, हे आता सर्वज्ञात आहे. फौज किती आहे हे ना दिल्लीला सरळ कळत होते, ना संस्थानातल्या प्रजेला. रझाकारांच्या भाषणांवरून लोकांना वाटे की मोठी तयारी आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरहून भारतीय सैन्य निघाले. नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता जळकोट, येणेगूर, उमरग्यावरून पुढे मोकळा झाला. लोहारा या रस्त्याच्या उत्तरेला थोडेसे आत आहे. १७ तारखेला सगळे आटोपले. पाच दिवस! हैदराबादचे सेनापती अल इद्रूस व्यावसायिक सैनिक होते. आपल्या दलाची खरी अवस्था त्यांना माहीत नसेल असे मानणे अवघड आहे. ती अवस्था जाहीर सांगण्याची सक्ती कुठल्याही कायद्याने कोणावर नव्हती, आणि न सांगितल्याची किंमत त्या वर्षभरात मराठवाड्यातल्या गावांनी दोन्ही बाजूंनी मोजली.

स्वतंत्र भारताचा कायदा कसा आहे? १९५० च्या सैन्य कायद्यात दोन कलमे अगदी आपल्या विषयाची आहेत. सत्तावन्नावे कलम खोट्या अहवालाबद्दल आहे. अहवाल, विवरण, यादी यांत जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कैद. अठ्ठावन्नावे त्याच्या पुढचे. जो अहवाल पाठवणे आपले कर्तव्य आहे तो नाकारणाऱ्याला किंवा अक्षम्य हलगर्जीने न पाठवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत. डाग आणि चेहऱ्याचे हे आधुनिक रूप. पण हे अहवाल वर जातात, लष्कराच्या आणि मंत्रालयाच्या आत. बाहेर येण्याचा मार्ग वेगळा. संविधानाच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे नियंत्रक व महालेखापरीक्षकाचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. दुसरा मार्ग १९९३ पासूनच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा. सैन्य किती तयार आहे याचा ठरावीक मुदतीने अहवाल संसदेला द्या, असे सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत संघीय कायद्याच्या दहाव्या शीर्षकातले ४८२ वे कलम संरक्षणमंत्र्यावर तसे बंधन घालते, गुप्त भाग वेगळा जोडण्याची मुभा ठेवून. आपल्याकडे उलट १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आहे आणि माहिती अधिकाराच्या कायद्यातही सुरक्षेचा अपवाद पहिल्याच क्रमांकावर आहे. ते अपवाद निरर्थक नाहीत. सीमेवर शत्रू असताना कोठाराची यादी वेशीवर टांगावी असे कोणी म्हणणार नाही.

तरी त्या अरुंद मार्गाने जे बाहेर आले ते थोडे नव्हे. मार्च २०१२ मध्ये सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी दारूगोळ्याच्या तुटवड्याबद्दल पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले. संसदेत मोठा गदारोळ झाला. पत्र कोणी फोडले यावर जितके बोलले गेले तितके पत्रातल्या मजकुरावर बोलले गेले नाही. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकाचा दारूगोळा व्यवस्थापनावरचा अहवाल संसदेपुढे आला. मार्च २०१३ मध्ये निम्म्या प्रकारच्या दारूगोळ्याचा साठा दहा दिवसांच्या तीव्र युद्धालाही पुरणारा नव्हता, असे त्यात होते. २०१७ च्या अहवालाने पुन्हा मोजले. सप्टेंबर २०१६ ला १५२ पैकी ६१ प्रकार दहा दिवसांखाली, म्हणजे चाळीस टक्के. मंजूर असलेला चाळीस दिवसांचा साठा फक्त ३१ प्रकारांत होता. २०१८ मध्ये सेना उपप्रमुखांनी स्थायी समितीपुढे सांगितले की ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गातली आहे आणि अद्ययावत म्हणावी अशी फक्त आठ टक्के. हे सांगितल्याने देश बुडाला नाही. उलट उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार वाढवून देण्याचा निर्णय याच काळातला.

महालेखापरीक्षक सबनिसासारखा आहे. तो लढत नाही, हुकूम देत नाही, आणि त्याला सेवेतून काढणे सोपे नाही. म्हणूनच त्याच्या आकड्याला वजन आहे. पुढे महालेखापरीक्षकांनी संरक्षणविषयक अहवाल आपल्या संकेतस्थळावर ठेवणे बंद केले. कारण दिले गेले बदलत्या काळात शत्रूला माहिती एका कळीसरशी मिळण्याचे. अहवाल संसदेपुढे ठेवण्याचे बंधन कायम आहे, कारण ते संविधानातले आहे. तो वाचायचा तर आता दिल्लीत ज्याला संसदेच्या ग्रंथालयात जाता येते त्याला जमते. लोहाऱ्यातून निघालो तर सोलापूरला जाऊन गाडी पकडायची, आणि पुढे दिल्लीपर्यंतचा रात्रीदिवसाचा प्रवास.